मोतीबिंदू एकटा येत नाहीं

सत्तरी उलटलेल्या एका आजोबांनीं एके दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र हातीं घेतलें आणि चष्म्याकडे हात न नेतां पहिल्या पानावरील मजकूर घडाघडा वाचून दाखविला. घरांत आनंदीआनंद झाला. सूनबाईंनीं देवापुढें साखर ठेविली. नातवंडांनीं पंचांगांतील बारीक अक्षरें पुनः पुनः त्यांच्यापुढें धरलीं. आणि ‘गाजराचा रस नेमानें घेतल्याचा हा गुण’, असा निकालहि शेजारच्या काकूंनीं देऊन टाकला. पुढें वर्ष उलटतें न उलटतें तोंच तेच आजोबा तिन्हीसांजेला जिन्याची शेवटची पायरी चुकले. पाय मुरगळण्यावर निभावलें, हें नशीब. पण त्या निमित्तानें डोळे तपासले तेव्हां खरा प्रकार कळला. चष्मा सुटला होता तो डोळ्यांतील भिंगाचा गाभा घट्ट होऊन मोतीबिंदू धरूं लागला होता म्हणून!

हे आजोबा आम्हीं वाचकांसाठीं कल्पिलेले आहेत. पण असे आजोबा किंवा अशा आजी ज्या घरांत नाहींत, असें घर क्वचितच सांपडेल. भिंगाचा गाभा दाट झाला म्हणजे प्रकाशकिरण त्यांत अधिक वांकतात, डोळ्याला ऱ्हस्वदृष्टि येते, आणि चाळिशीमुळें दुरावलेलीं जवळचीं अक्षरें पुन्हां स्पष्ट दिसूं लागतात. हें सुख कांहीं काळच टिकतें; दूरचें दिसणें मात्र त्याच वेळीं बिघडत असतें. घरच्या मंडळींनीं जी सुधारणा मानली ती वस्तुतः विकाराची पहिली पायरी होती. वृद्धांच्या डोळ्यांविषयीं आपल्या घरांतून ज्या चुका होतात, त्यांपैकीं ही सर्वांत निरुपद्रवी. दुसरी चूक याहून मोठी आहे, आणि तिच्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ती चूक अशी कीं, ‘मोतीबिंदू आहे’ एवढें निदान कानीं पडलें कीं आपण निश्चिंत होतों व पुढें कांहीं विचारीतच नाहीं.

शस्त्रक्रिया सोपी झाली, पण…

असें होण्याचें कारण उघड आहे. मोतीबिंदूची भीति आतां उरलेली नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ‘लिंगनाशा’वरील शस्त्रकर्माचें वर्णन आहे, त्यांत गढूळ झालेलें भिंग शलाकेनें दृष्टिमार्गांतून बाजूला सारीत. पुढें १७४७ सालीं झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें असें भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धति सुरू केली. तरीहि जाड कांचेचा चष्मा रोग्याच्या नशिबीं राहिलाच. महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसत. ते डोळ्यांत राहूनहि फारसा दाह होत नाहीं, हें हॅरॉल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानीं आलें, आणि त्याच धातीच्या पदार्थाचें कृत्रिम भिंग त्यानें १९४९ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें एका रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. १९६७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केलमन यानें ध्वनिलहरींनीं भिंग फोडून बारीक छिद्रांतून शोषून घेण्याची युक्ति काढली. आपल्याकडे १९७६ सालीं अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, खेडोपाडीं शिबिरें भरूं लागलीं, आणि आज सकाळीं रुग्णालयांत गेलेल्या आजी संध्याकाळीं घरीं परत येतात.

ही प्रगति खरोखर अभिमानास्पद आहे. पण तिच्यामुळेंच आपल्या मनांत असें बसलें आहे कीं, मोतीबिंदू म्हणजे खिडकीची मळलेली कांच. ती बदलली कीं काम संपलें. येथेंच घोटाळा होतो. ज्या वयांत मोतीबिंदू येतो, त्याच वयांत शरीराचे दुसरे अनेक विकार डोकें वर काढतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचा मोतीबिंदूशीं निकट संबंध असतो. आपण सोयीसाठीं या सोबत्यांचे तीन वर्ग करूं: कांहीं त्याच्या पुढें चालत येतात व त्याला बोलावून आणतात, कांहीं त्याच्या आड लपून बसतात, आणि कांहीं त्याच्या मागून घरांत शिरतात.

पुढें चालत येणारे

पहिल्या वर्गांत अग्रपूजेचा मान मधुमेहाला द्यावा लागेल. रक्तांतील साखर वाढली म्हणजे ती डोळ्यांतील द्रवांत व तेथून भिंगांत शिरते. भिंगांत तिचें रूपांतर सॉर्बिटॉल नांवाच्या पदार्थांत होतें; तो सहजासहजीं बाहेर पडत नाहीं, पाणी ओढून घेतो, आणि भिंग फुगतें. शिवाय साखर भिंगांतील प्रथिनांना चिकटून त्यांची रचना बिघडविते. म्हणूनच मधुमेह्यांना मोतीबिंदू इतरांहून अधिक प्रमाणांत व कमी वयांत होतो. साखर चढउतार करीत असली तर चष्म्याचा नंबरहि तसाच चढउतार करतो. ‘गेल्या महिन्यांत केलेला चष्मा आतांच लागेनासा झाला, चष्मेवाल्यानें फसविलें,’ अशी तक्रार एखाद्या वडील माणसानें केली, तर चष्मेवाल्याशीं भांडावयास जाण्यापूर्वीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाचा पहिला पत्ता कित्येकांना असा डोळ्यांच्या वाटेनेंच लागला आहे.

दुसरा सोबती म्हणजे स्टेरॉइड वर्गांतील औषधें. दमा, संधिवात, कांहीं त्वचारोग यांवर तीं फार गुणकारी आहेत, आणि कित्येकदां प्राणरक्षकहि ठरतात. परंतु दीर्घकाळ घेतलीं असतां भिंगाच्या मागच्या बाजूस एक प्रकारचा मोतीबिंदू धरतो. अशा माणसाला सांवलींत बरें दिसतें, पण उन्हांत किंवा समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यापुढें डोळे दिपून कांहींच सुधरत नाहीं. या औषधांनीं डोळ्यांतील दाबहि वाढूं शकतो. म्हणून अशीं औषधें चालू असणाराच्या डोळ्यांची तपासणी ठराविक मुदतीनें झाली पाहिजे. मात्र हें वाचून कोणीं तीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. एकाएकीं बंद करणें हें जिवावर बेतूं शकतें.

धूम्रपान हा तिसरा. विडी-सिगारेट ओढणाराला भिंगाच्या गाभ्याचा मोतीबिंदू होण्याचा संभव अधिक असतो, हें अनेक देशांतील पाहणींत दिसून आलें आहे. फुप्फुस व हृदय यांवरील परिणाम सर्वांस ठाऊक आहेत. डोळ्यांचा हिशेब मात्र कोणी करीत नाहीं.

आड लपून बसणारे

दुसरा वर्ग अधिक फसवा आहे. मोतीबिंदूनें दृष्टि अंधुक होते, ही गोष्ट सर्वमान्य. त्यामुळें वृद्ध माणसाला कमी दिसूं लागलें कीं सारा दोष मोतीबिंदूच्या माथीं मारला जातो, आणि त्याच्या पाठीमागें उभा असलेला दुसरा चोर सुखानें आपलें काम करीत राहतो.

या चोरांत काचबिंदू हा सर्वांत निर्दय. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें परत मिळूं शकते. काचबिंदूनें गेलेली परत मिळत नाहीं. या विकारांत बहुधा डोळ्यांतील दाब वाढतो व मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. त्याचा नेहमींचा प्रकार दुखत नाहीं, लाल होत नाहीं, आणि आधीं फक्त कडेची दृष्टि खातो. समोरचें स्पष्ट दिसत असल्यामुळें माणसाला आपण काय गमावीत आहों याची जाणीवच होत नाहीं. वडील माणूस दाराच्या चौकटीस वारंवार धडकूं लागलें, ताटाच्या कडेची वाटी त्यांच्या हातून वरचेवर सांडूं लागली, तर ‘मोतीबिंदू आहे, चालायचेंच,’ असें म्हणून सोडून देऊं नये. घरांत आईबापांना किंवा भावंडांना काचबिंदू झालेला असेल, तर तपासणी अगत्याचीच समजावी.

‘मोतीबिंदू पिकूं द्या, मग काढूं’ हा जुना सल्ला आजहि अनेक घरांत ऐकूं येतो. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळांत त्याला कांहीं अर्थ होता. आतां उरलेला नाहीं. फार पिकलेलें भिंग फुगून डोळ्यांतील द्रव वाहून जाण्याची वाट अडवूं शकतें, किंवा त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यानें ती वाट तुंबूं शकते. दोहोंचा परिणाम एकच, डोळ्यांतील दाब एकाएकीं भयंकर वाढणें. अशा वेळीं डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, आणि पुष्कळदां उलट्या होतात. उलटी व डोकेदुखी पाहून घरची मंडळी ‘पित्त उसळलें’ असें समजतात, सुंठ-साखर देतात, आणि रात्र काढतात. त्या एका रात्रींत डोळा कायमचा जाऊं शकतो. वृद्ध माणसाच्या उलटीबरोबर डोळा लाल व दुखरा दिसला, तर उजाडण्याची वाट पाहूं नये.

दुसरा लपणारा विकार डोळ्याच्या आंतील पडद्याचा. मधुमेहानें पडद्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरूं लागतात. रक्तदाब फार वाढलेला असेल तर तेथील एखादी शीर तुंबूं शकते. आणि केवळ वयोमानानेंहि पडद्याचा मध्यबिंदु झिजतो. या शेवटच्या विकाराची एक घरगुती खूण आहे. एक डोळा तळहातानें झांकून दुसऱ्यानें खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेघांकडे पहावें. मग डोळा बदलावा. मोतीबिंदूनें रेषा अंधुक दिसते. रेषा वांकडी किंवा मध्येंच तुटलेली दिसली, तर पडद्याचा संशय घ्यावा व विलंब न करतां तज्ज्ञाकडे जावें. दोन्ही डोळ्यांनीं पाहिलें तर चांगला डोळा वाईटाचें उणें झांकून टाकतो, म्हणून डोळे एकेक करून तपासणें अवश्य आहे.

पडदा आधीं तपासण्यांत आणखी एक हित आहे. मधुमेह्याच्या पडद्यावर सूज असेल व ती न ओळखतां भिंग बदललें, तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनहि दृष्टि मनासारखी येत नाहीं, आणि कधीं कधीं सूज वाढते. मग घरांत ‘ऑपरेशन बिघडलें’ अशी हाकाटी होते. मोतीबिंदू इतका दाट असेल कीं त्यांतून पडदा दिसतच नाहीं, तर ध्वनिलहरींच्या साह्यानें डोळ्याच्या आंतील भागाचा अंदाज घेतां येतो. भिंग बदलल्यावर किती दिसेल, ही आशा किती धरावी, हें पडदा व नस यांवर अवलंबून आहे. आणि तें आधींच कळलें म्हणजे मागून निराशा पदरीं येत नाहीं.

मागून शिरणारे

तिसऱ्या वर्गांतील सोबती डोळ्यांचे दिसतच नाहींत, म्हणून त्यांची नोंदहि कोणी घेत नाहीं.

पहिला, पडणें. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें म्हणजे पुष्कळदां माणूस अंथरुणाला खिळतें, आणि तेथून उठणें कठीण होतें. मोतीबिंदूमुळें पायरीची कड, न्हाणीघरांतील ओल, काळ्या फरशीवर पडलेली काळी चप्पल यांतला भेद कळेनासा होतो. कारण या विकारांत अक्षरें वाचतां येत असलीं तरी फिक्या व गडद रंगांमधील फरक ओळखण्याची शक्ति कमी होते. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें सत्तरीपुढील ३०६ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहींची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केली. बाकीच्यांना तेथील रीतीप्रमाणें सुमारें वर्षभर थांबावें लागलें. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत पडण्याचें प्रमाण शेंकडा ३४ नें कमी झालें. आणि हाड मोडण्याचा प्रसंग त्यांच्यांत ४ जणींवर, तर थांबलेल्यांत १२ जणींवर आला. ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ या आपल्या नेहमींच्या शब्दांची किंमत या आंकड्यांत दिसते.

दुसरा सोबती, मनाची उदासीनता. आजी पूर्वीं तांदूळ निवडीत, वाती वळीत, पोथी वाचीत, कीर्तनाला जात. हळूहळू एकेक गोष्ट सुटते. ‘आतां काय करायचें आहे मला पाहून? तुम्हां मुलांचें चाललें आहे तें चालूं द्या,’ असें त्या म्हणतात, आणि आपण त्याला वैराग्य समजून मनांत कौतुक करतों. खरी गोष्ट अशी असते कीं, तांदळांतला खडा दिसत नाहीं, पोथींतली ओळ हरवते, समोरून नमस्कार करणारी बाई कोण हें ओळखूं येत नाहीं, आणि चारचौघांत फजिती होऊं नये म्हणून त्या घराबाहेर पडत नाहींत. यांतच ऐकूं कमी येत असेल तर दुःख दुप्पट. कमी ऐकणारा माणूस समोरच्याच्या ओठांवरून व चेहऱ्यावरून अर्धें बोलणें समजून घेत असतो. दृष्टि मंदावली कीं तो आधारहि जातो, आणि ‘आजी आतां मुद्दामच लक्ष देत नाहींत’ असा अन्याय त्यांच्यावर होतो.

स्मृतीचाहि येथें संबंध आहे. अमेरिकेंतील सिॲटल येथें पासष्टीपुढील ३,०३८ व्यक्तींवर अनेक वर्षें लक्ष ठेवून केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२१ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाले. ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यांत स्मृतिभ्रंशाचा विकार जडण्याचा संभव शेंकडा सुमारें ३० नें कमी आढळला. ही केवळ पाहणी होती. शस्त्रक्रियेनेंच स्मृति वाचली असें त्यावरून सिद्ध होत नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पण उपाय न केलेला दृष्टिदोष हा स्मृतिभ्रंशाला साह्य करणाऱ्या कारणांपैकीं एक आहे, असें मत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानेंहि २०२४ सालीं नोंदविलें आहे.

तिसरा सोबती विलक्षण आहे. १७६० सालीं जिनीव्हाचा तत्त्वज्ञ शार्ल बोने यानें आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेविली. नव्वदीच्या घरांत असलेल्या या गृहस्थांना मोतीबिंदूमुळें जवळजवळ दिसत नव्हतें. तरी त्यांना माणसें, पांखरें, गाड्या, इमारती डोळ्यांपुढें दिसत. त्यांची बुद्धि शाबूत होती, आणि हें सारें खरें नाहीं हेंहि त्यांना ठाऊक होतें. डोळ्यांकडून पुरेशीं चित्रें येईनाशीं झालीं म्हणजे मेंदू स्वतःच चित्रें निर्माण करतो, असा त्याचा उलगडा आज केला जातो. आपल्याकडे एखाद्या आजींनीं ‘अंगणांत लहान मुलें खेळताहेत’ असें सांगितलें आणि अंगण रिकामें असलें, तर घरांत चुळबूळ सुरू होते. कोणी वेडाचा संशय घेतो, कोणी बाहेरच्या बाधेचा. मग आजी भिऊन बोलेनाशाच होतात. हीं दृश्यें मुकीं असतात व पाहणाराला तीं खोटीं असल्याचें सांगितल्यावर पटतें, ही खूण लक्षांत ठेवावी. आवाजहि ऐकूं येत असतील, किंवा बोलण्यांत एकाएकीं असंबद्धपणा आला असेल, तर मात्र कारण निराळें असण्याचा संभव आहे व वैद्याला ताबडतोब दाखविलें पाहिजे.

घरानें काय करावें

एवढें वाचून कोणी घाबरून जाऊं नये. मोतीबिंदू झालेल्या प्रत्येकाला हे सगळे विकार असतात असें मुळींच नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, मोतीबिंदूचें निदान हें सबंध माणसाकडे एकवार नीट पाहण्याचें निमित्त समजावें.

डॉक्टरांकडे जातांना वडील माणसाबरोबर घरांतील एक जाणतें माणूस असावें, आणि त्याच्या हातीं चालू असलेल्या सर्व औषधांची यादी असावी. वैद्यांचे काढे, चूर्णें व डोळ्यांत घालावयाचे थेंब यांसुद्धां. लघवीच्या त्रासावर वृद्ध पुरुषांना दिलें जाणारें टॅमस्युलोसिन हें औषध डोळ्यांतील बाहुलीभोंवतींचा पडदा शिथिल करतें व शस्त्रक्रियेंत अडचण आणतें, ही गोष्ट २००५ सालीं दोन अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं प्रथम दाखवून दिली. औषध थोडे दिवस बंद केल्यानें ती अडचण नक्की टळते असेंहि नाहीं. पण शस्त्रवैद्याला आधीं ठाऊक असेल तर तो तयारीनिशीं बसतो. रक्त पातळ ठेवणारें औषधहि आपल्या मनानें थांबवूं नये, आधीं विचारावें. खोकला, दमा, उताणें निजल्यावर लागणारी धाप, मानेचा किंवा हातांचा कंप, कमी ऐकूं येणें, या गोष्टी लाजून लपवूं नयेत. कारण शस्त्रक्रियेच्या वेळीं माणूस बहुधा जागा असतो, आणि त्याला स्वस्थ निजून सूचना ऐकाव्या लागतात.

मग तीन प्रश्न निःसंकोचपणें विचारावे. डोळ्यांतील दाब किती आहे? आंतील पडदा व नस तपासली काय, आणि ती कशी आहे? शस्त्रक्रियेनंतर साधारण किती दिसेल? एक डोळा झाल्यावर दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत तफावत पडून पावलांचा अंदाज चुकतो; त्या दिवसांत जिना, न्हाणीघर व अंधारी बोळकंडी येथें उजेड व आधार यांची सोय करावी. शस्त्रक्रियेनंतर दुखणें किंवा लाली वाढली अथवा दृष्टि घटली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

शेवटीं एक गोष्ट थोड्या स्पष्टपणें लिहितों. वाचकांनीं राग मानूं नये. जगांत अनेक ठिकाणीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुरुषांच्या मानानें स्त्रियांची उशिरां होते, असें आढळून आलें आहे. आपल्या घरांतहि आजोबांना वर्तमानपत्र दिसेनासें झालें कीं आठ दिवसांत डॉक्टर गांठला जातो. आजींच्या पोथीची चौकशी मात्र गौरी-गणपति झाल्यावर, मग दिवाळी झाल्यावर, मग नातीचें लग्न आटोपल्यावर. त्या स्वतः कधीं तक्रार करीत नाहींत. त्या हातानें चाचपून मिठाचा डबा ओळखतात, आवाजावरून नातवंडांना ओळखतात, आणि आपलें न दिसणें घराच्या गडबडींत झांकून नेतात.

तेव्हां आज रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे घरांतील वडील माणसाजवळ जरा बसावें, आणि खिडकीच्या गजांकडे पाहून, एकेक डोळा झांकून, काय दिसतें तें त्यांना विचारावें. ज्या डोळ्यांनीं आपल्या अंगावरचा ताप रात्र रात्र राखला, त्यांच्यासाठीं एवढा वेळ काढणें कोणालाहि जड जाऊं नये.